‘वय झालं’ म्हणजे निदान नव्हे

काल संध्याकाळपर्यंत नातवाला हाका मारणारी ऐंशीच्या घरातली बाई रात्रीत बडबडायला लागते. मेलेल्या नवऱ्याशी बोलते, अंगावरचं लुगडं ओढते, सुनेला ओळखत नाही. सकाळी पाहावं तर अगदी गप्प, डोळे मिटून पडलेली. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर असं झालं की घरचे म्हणतात, म्हातारी चळली. शेजारी म्हणतात, वय झालं आता. कुणी अंगारा आणतं, कुणी झोपेची गोळी. दोन-तीन दिवसांत तिचं खाणं सुटतं, आठवड्याभरात कमरेखाली जखम दिसायला लागते, आणि मग पुण्या-मुंबईच्या लेकांना बोलावून घ्या अशी भाषा सुरू होते.

असा अचानक आलेला भ्रम, ज्याला दवाखान्यात डिलिरियम म्हणतात, म्हातारपणाचा भाग नाही. त्याच्यामागे शरीरातलं कारण असतं आणि ते पुष्कळदा बरं होण्यासारखं असतं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, अंगातलं पाणी आटणं, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर खाली जाणं, चार-पाच दिवस पोट साफ न होणं, लघवी तुंबणं, नाहीतर नुकतीच सुरू झालेली एखादी गोळी. या वयात संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही; नुसता दम लागतो किंवा एकाएकी गळाठा येतो. ही दुखणी शोधायला आधी मोठं यंत्र लागत नाही. कालपर्यंत ही कशी होती हे घरच्यांना विचारणारं, नाडी आणि श्वास मोजणारं, ओटीपोटावर हात ठेवून बघणारं, गोळ्यांचा डबा उघडून एकेक पाकीट वाचणारं माणूस लागतं. डॉक्टर गावात आठवड्यातून एकदा येतो की येत नाही. हे माणूस म्हणजे नर्स.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या प्रत्येक उपकेंद्राने आपल्या हद्दीतल्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन, पूर्ण आणि त्यांच्याच भाषेत तपासणी केली पाहिजे. ते नर्सचं मुख्य काम मानलं पाहिजे, उरलेल्या वेळात उरकायचं नव्हे. आणि त्यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट बघायचं काही कारण नाही.

आज घरोघरी कुणी जातच नाही असं मी म्हणणार नाही. कर्नाटक सरकारने 2024 मध्ये कोलार जिल्ह्यातून ‘गृह आरोग्य’ योजना सुरू केली. बीपी, शुगर आणि काही कॅन्सरची तपासणी घरापर्यंत नेण्याची ही कल्पना चांगली आहे. आशाताई उन्हातान्हात फिरतात, सिस्टर मशीन घेऊन येतात, आकडे मोबाइलमध्ये भरले जातात. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाची दुखणी दोन आकड्यांत मावत नाहीत. बर्नार्ड आयझॅक्स या ब्रिटिश वृद्धरोगतज्ज्ञाने म्हातारपणाचे चार ‘राक्षस’ सांगितले होते: हालचाल बंद पडणं, तोल जाऊन पडणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं आणि बुद्धी मंदावणं. यातला एकही बीपीच्या पट्ट्याला सापडत नाही. तो विचारावा लागतो, बघावा लागतो.

काय बघायचं हेही ठरलेलं आहे. 1963 मध्ये सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी सहा गोष्टींची एक साधी पट्टी दिली. माणूस आपली आपण आंघोळ करतो का, कपडे घालतो का, संडासला जाऊन येतो का, अंथरुणातून उठून बाजूला बसतो का, लघवी-शौचावर ताबा आहे का, हाताने जेवतो का. या पट्टीला कोणता आजार आहे याच्याशी देणंघेणं नाही, या माणसाला आज काय जमतं आणि गेल्या महिन्यात काय जमत होतं, एवढंच ती विचारते. गेल्या महिन्यात स्वतः न्हाणारी आज्जी या महिन्यात पाण्याचा तांब्या उचलू शकत नसेल, तर तिच्या शरीरात काहीतरी घडलंय, शुगर कितीही छान असो. मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना गावात घेऊन जाते तेव्हा आधी हेच बघायला सांगते, आणि त्यांना सर्वांत अवघडही हेच जातं. कारण त्यासाठी मशीन बाजूला ठेवून सोप्यात मांडी घालून बसावं लागतं.

पडण्याचंच घ्या. खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस सुरू झाला की महिनेच्या महिने फरशी वाळत नाही. संडास परसात, वाटेत गोठा, दिवा असतो पण वीज असेलच असं नाही. पंचाहत्तरीचा शेतकरी पहाटे तीनला लघवीला उठतो. त्याची बीपीची एक गोळी बेळगावच्या डॉक्टरांनी दिलेली, लघवी होण्याची दुसरी कोल्हापूरला भाच्याकडे गेला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दिलेली, आणि गुडघ्यासाठी गावातच दर आठवड्याला एक इंजेक्शन. तो उठतो, घेरी येते, पडतो, खुबा मोडतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेशनचे पैसे, आणि ते जमले नाहीत तर कायमचं अंथरूण.

हे टाळता येतं का? सगळ्या वेळी नाही, पण पुष्कळ वेळा येतं. आडवं असताना बीपी घ्यायचं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा 10 ने उतरला, तर हा माणूस उठताना पडण्याचा धोका आहे हे आजच कळतं. आपल्याकडे बीपी घेतलं जातं ते बसलेल्या माणसाचं, एकदाच. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो हे मोजायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर काळजी घ्यायची. खुर्ची नसेल तर कट्टा चालतो, निष्कर्ष थोडा जपून काढावा इतकंच. लघवीची गोळी रात्री घेतोय का हे विचारायचं आणि डॉक्टरांना विचारून ती सकाळी करून द्यायची. पलंगाजवळ भांडं ठेवायला सांगायचं. चप्पल कसली आहे ते बघायचं. या सगळ्याला अर्धा तास लागतो.

गोळ्यांबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण सीमाभागातली ही खास अडचण आहे. आपला माणूस दोन राज्यांत उपचार घेतो. निपाणीचा माणूस कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातो, कागवाडचा मिरजेला, खानापूरचा गोव्याला बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात, बाकीचे बेळगावला. प्रत्येक ठिकाणी वेगळा कागद, वेगळी पिशवी. त्यांचा मेळ घालणारं कुणी नसतं. साखरेची ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी, लांब परिणामाची गोळी म्हाताऱ्या माणसात साखर धोकादायकपणे खाली नेऊ शकते. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांत ती आहे. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅकसारखं दुखण्याचं औषध तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड बसू शकतं. साखरेचीच मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर शरीरातलं बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडे जैन आणि लिंगायत घरांत मुळात मांसाहार नसल्याने ते आधीच कमी असण्याचा संभव असतो. त्यातून हातपाय बधिर होतात, चाल बिघडते, विसरभोळेपणा येतो. आणि पुन्हा तेच ऐकू येतं, वय झालं. घरातल्या सगळ्या पिशव्या एका चटईवर ओतून यादी करणं हे नर्सच्या हातून होणारं मोठं वैद्यकीय काम आहे. ही यादी घेऊन पेशंट पुढच्या डॉक्टरकडे गेला, मग तो कुठल्याही राज्यातला असो, तर निम्मे घोटाळे तिथेच थांबतील.

बायकांच्या दुखण्यांना तर वाचाच नसते. खोकताना, शिंकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं, हे आपल्या बायका लेकीलाही सांगत नाहीत. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे एसटीचा, म्हणजे इकडच्या सरकारी बसचा प्रवास बायकांना फुकट झाला आणि अनेक म्हाताऱ्या पहिल्यांदाच एकट्या बेळगावला जायला लागल्या, याचा मला फार आनंद आहे. पण बसमध्ये पंचाईत नको म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाणी कमी झालं की मलावरोध होतो, लघवीचा संसर्ग होतो, आणि तोच संसर्ग पुढे त्या रात्रीच्या बडबडीपर्यंत नेऊन सोडतो. ‘लघवीचा काही त्रास?’ असं दारात उभं राहून, मुलासमोर विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. चुलीजवळ बसून, दोघीच असताना विचारलं तर खरं उत्तर येणार.

निपाणी भागात तोंड उघडून बघणंही तितकंच गरजेचं आहे. तंबाखूच्या या मुलखात बायकांच्या पिढ्या विड्या वळण्यात गेल्या, आणि मशेरी लावण्याची सवय तर घराघरांतली. हिरड्या गेलेल्या, दात हललेले, गालात पांढरा चट्टा. चट्टा लवकर दिसला तर उपचार आहे. दात नसले तर भाकरी सुटते, मग भात आणि चहा एवढंच उरतं, वजन उतरतं, ताकद जाते, आणि मग पडणं येतं. चष्मा आणि कानही असेच. मोतीबिंदूने दिसत नाही म्हणून, ऐकू येत नाही म्हणून गप्प बसलेल्या माणसाला घरात ‘भ्रमिष्ट’ ठरवलं गेल्याची उदाहरणं या कामातल्या कुणालाही सांगता येतील.

आता भाषा. इथे मी फार जपून, पण आडपडदा न ठेवता बोलणार आहे.

स्मृतिभ्रंश आहे की नाही हे कळायला म्हाताऱ्या माणसाशी बोलावंच लागतं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन शब्द सांगते ते थोड्या वेळाने पुन्हा सांगा. अशी चाचणी माणसाच्या मायबोलीत झाली नाही तर ती मेंदूची राहत नाही, भाषेची होते. हे मी सीमाभागाच्या अभिमानातून बोलत नाही. हरियाणात बल्लभगढच्या ग्रामीण भागात, अक्षरओळख नसलेल्या वृद्धांसाठी संशोधकांना इंग्रजी चाचणी नुसती भाषांतरित करून चाललं नाही, तिची घडण बदलावी लागली. ती हिंदी चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या आज्जीला इंग्रजी तारीख सांगता आली नाही म्हणून तिची स्मृती गेली असं होत नाही. तिला विचारा, बेंदूर झाला का, पंचमी किती दिवसांवर आली, गावची लक्ष्मीची यात्रा मागे कधी झाली. ती बरोबर सांगेल, किंवा सांगू शकणार नाही, आणि दोन्हींतून आपल्याला काहीतरी कळेल. जिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही तिला कन्नडमध्ये विचारून ‘सहकार्य करत नाही’ असं कागदावर लिहिणं, ही चुकीची तपासणी आहे. दुखणं कसं आहे, ठणकतं की जळतं की मुंग्या येतात, हेही तसंच. मनाच्या उदासीबद्दल तर बोलायलाच नको. ‘जीव लागत नाही’ हे वाक्य ज्या सिस्टरला कळत नाही, तिला डिप्रेशन सापडणार कसं?

यात सिस्टरचा दोष नाही. बागलकोट, विजयपूर, रायचूरकडून आलेल्या मुली आमच्या गावांत नोकरी करतात, घरदार सोडून राहतात, आणि त्यांतल्या कितीतरी वर्षभरात कामापुरतं मराठी छान शिकतात. शिकायची सोय सरकारने करून दिली, तर सगळ्याच शिकतील. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने 1956 पासून मान्य केलेलं आहे. मग औषध कधी घ्यायचं हे सांगणारा कागद त्याहून कमी महत्त्वाचा कसा? आणि जो न्याय मी खानापूरच्या मराठी आज्जीसाठी मागते, तोच जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नड अज्जीसाठी महाराष्ट्राकडे मागते. तिथल्या नर्सना कन्नड शिकवलं पाहिजे. जो हा दुसरा अर्धा बोलत नाही, त्याला म्हाताऱ्यांची काळजी आहे असं मला वाटत नाही.

2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारने हरकत घेतली, आणि काही दिवस पेपरांत तेवढंच होतं. त्या योजनेने ऑपरेशनं होत असतील तर चांगलंच. 2024 पासून केंद्राने सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मानमध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर केलं तेही चांगलं. पण ही सगळी कार्डं माणूस हॉस्पिटलात भरती झाल्यावर उपयोगी पडतात. खुबा मोडल्यावर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर पहिला लाल डाग उठतो तेव्हा कुठलंच कार्ड चालत नाही. तो डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखम सुरू झालेली आहे, त्यावर चोळायचं नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या, टायरसारखी रबरी चकती खाली घालायची नाही. हे सुनेला कुणीतरी एकदा, तिच्या हाताने करून दाखवावं लागतं. शिकवलं नाही तर ती पावडर लावत बसते, आणि महिन्याने जखम हाडापर्यंत गेली की दोष तिच्यावर येतो.

या सुनेबद्दल आणखी एक. ‘म्हाताऱ्यांना सांभाळणं हे घरच्यांचं काम, सरकारचं नव्हे’ असं म्हणणारे भेटतात. आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी 2007 च्या कायद्यानेही मुलांवर टाकली आहे, आणि ती योग्यच आहे. पण मुलगा पुण्याला कंपनीत, आणि हागणं-मुतणं काढणारी बाई दिवसभर शेतात किंवा विड्या वळत. तिला झोप नाही, कंबर गेलेली, आणि ती स्वतःही पन्नाशी-साठीची असते. नर्सने घरी येणं म्हणजे घरच्यांचं काम काढून घेणं नव्हे. उलट तिच्यामुळेच त्यांना ते काम झेपतं. केरळात हे झालेलं आहे. तिथे 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आलं, नर्सची घरभेट ही त्याचा कणा मानली गेली, आणि स्थानिक पंचायती व गावातले स्वयंसेवक त्यात उतरले.

दुसरी हरकत जास्त खरी आहे: सिस्टरना वेळ कुठे आहे? गरोदर बायका, लसीकरण, टीबी, सर्वेक्षण, चार-चार ॲप. मान्य. पण हिशेब करून बघू. सपाट भागात उपकेंद्रामागे साधारण 5,000 लोकसंख्या धरतात, डोंगराळ भागात 3,000. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकात साठी ओलांडलेले सुमारे साडेनऊ टक्के होते. आता दहातला एक धरा. म्हणजे एका उपकेंद्राला पाचशे माणसं. वर्षात कामाचे 250 दिवस धरले तर दिवसाला दोन घरं. त्यात जे अंथरुणाला खिळलेले, जे एकटे, त्यांच्याकडे दर महिन्याला. हे एका सिस्टरला आजच्या कामासह जमणार नाही, हे खरं. म्हणूनच दुसरी नर्स द्या, किंवा फॉर्म भरण्याचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्या. आरोग्य मंदिरांत, म्हणजे दर्जा वाढवलेल्या उपकेंद्रांत, आता नर्सिंग शिकलेल्या सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) बसतात. त्यांना आठवड्याचे दोन दिवस फक्त घरभेटींसाठी मोकळे ठेवा. बेळगावात नर्सिंग कॉलेजं कमी नाहीत, मुली शिकून बंगळुरूला आणि आखातात जातात, कारण इथे पगार नाही आणि कामाला मान नाही. वृद्धांच्या नर्सिंगचा वेगळा पदविका अभ्यासक्रम देशात आहे, पण तो करून आलेल्या मुलीसाठी तालुक्यात पद नाही.

मागणी नवी नाहीच. 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात उपकेंद्राच्या कामांत घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांच्या घरभेटी आणि घरच्यांना काळजी घेण्याचं शिक्षण ही दोन्ही स्पष्ट लिहिलेली आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एक दिवस वृद्धांची ओपीडीही लिहिलेली आहे. ग्रामसभेत कुणीही उठून विचारू शकतं की आपल्या गावात ती कोणत्या वारी असते.

त्याच ग्रामसभेत आणखी एक विचारावं. गरोदर बाईची नोंद उपकेंद्रात असते, तिची तारीखसुद्धा सिस्टरला पाठ असते. तशी पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि महिन्याभरात घराबाहेर न पडलेल्या माणसांची यादी आहे का? नसेल तर आशाताई आणि ग्रामपंचायत सदस्य बसून चार दिवसांत करू शकतात: नाव, घर, भाषा, कोण सांभाळतं, कोणत्या गोळ्या, शेवटचं कधी पडले. जूनमध्ये पाऊस लागला की भीमगडच्या जंगलातल्या आणि कणकुंबीकडच्या काही वाड्यांवर गाडी जात नाही, आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. तेव्हा ही यादी मे संपायच्या आत झाली पाहिजे, आणि तिच्यातल्या प्रत्येक घरी पहिली भेट पावसाच्या आधी.